कबमधून स्काऊटमध्ये गेलेली पोरं दिवाळीपर्यंत गळतात, काय करावं?

माहुली_संगम | ९ फेब्रुवारी, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्यात एका प्राथमिक शाळेत शिकवते. गेली सहा वर्षं शाळेचा कब पॅक माझ्याकडं आहे. आमची शाळा चौथीपर्यंतच. जूनमध्ये पोरं पाचवीला हायस्कुलात जातात आणि तिथल्या स्काऊट पथकात नाव घालतात. वयाच्या हिशेबानंही ते बरोबरच, दहा वर्षांपर्यंत कब आणि त्यापुढं स्काऊट.

गेल्या जूनमध्ये माझे सात कब एकाच हायस्कुलात गेले. त्यातला एक सिक्सर होता, म्हणजे सहा कबांचा म्होरक्या. पावसात भिजत ग्रँड हाऊल, म्हणजे कबांची वर्तुळातली सलामीची आरोळी, करायला लावणारा, धाकट्यांच्या बुटांच्या नाड्या बांधून देणारा, खरी कमाईच्या, म्हणजे पोरांनी स्वतः कष्ट करून पैसे मिळवायच्या, दिवशी भेळेचा हिशेब पैशापैशानं लावणारा पोरगा. दिवाळीनंतर त्याची आई राजवाड्यापाशी भेटली. म्हणाली, "बाई, स्काऊट सोडलं त्यानं." बाकीच्यांची चौकशी केली तर सातांतले दोघंच उरले होते.

मी त्याला घरी जाऊन विचारलं. आधी बोलेना. मग म्हणाला, "तिथं मला कोण काय विचारतच नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. यंदा नऊ जण जाणार आहेत. हायस्कूलच्या स्काऊट मास्तरांना दोष द्यायचा नाही मला, ते एकटे सगळं बघतात. पण माझ्या बाजूनं मी काय करू शकते? ज्यांनी पथकं चालवलीत किंवा ज्यांची मुलं यातून गेलीत, त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

गोडोली_बाबा | ९ फेब्रुवारी, रात्री १०:३५

ताई, अगदी माझ्या घरातली गोष्ट लिहिलीत. आमच्या मुलानं ऑगस्टमध्येच सोडलं. कोणत्या शाळेतलं ते लिहीत नाही.

झालं असं की जूनला पाऊस सुरू झाला आणि मैदान चिखलानं भरलं. साताऱ्याचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, महादरे-यवतेश्वरच्या बाजूनं ढग खाली उतरले की दोन महिने ऊन दिसत नाही. मग स्काऊटचा तास वर्गात. वर्गात काय, तर वचन आणि नियम वहीत लिहायचे आणि पुढच्या आठवड्यात पाठ म्हणून दाखवायचे. सलग सात-आठ तास हेच. पोरगं कबमध्ये असताना शनिवारी सकाळी स्वतः उठून स्कार्फची घडी घालायचं, तेच पोरगं पोट दुखतंय म्हणायला लागलं. पाऊस थांबून मैदानावर खेळ सुरू झाले तोवर त्याचं मन उडालं होतं.

मला वाटतं आपल्याकडं गळतीचा खरा काळ जून ते ऑगस्टच आहे. पहिले दहा आठवडे सांभाळले तर निम्मं काम होईल.

शाहूपुरी_आई | १० फेब्रुवारी, सकाळी ७:१५

मी थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका.

पाचवी हे साधं वर्ष नाही. नवोदयची परीक्षा पाचवीतच, सैनिक स्कूलची प्रवेश परीक्षाही पाचवीतच. साताऱ्यात तर १९६१ सालापासून सैनिक स्कूल आहे, त्यामुळं इथल्या प्रत्येक आईबापाच्या डोक्यात ते असतंच. माझा मुलगा सकाळी सहाला क्लासला जातो, मग शाळा, मग परत क्लास. त्यात स्काऊटचं शिबिर आलं की घरात वाद. शेवटी आम्हीच त्याचं नाव काढलं. त्याला आवडत नव्हतं म्हणून नाही, आम्हालाच झेपलं नाही.

तेव्हा सगळी गळती पथकाच्या माथी मारू नका. काही मुलं आम्ही पालक काढतो.

कराडचे_मास्तर | १० फेब्रुवारी, दुपारी ३:४०

ताई, मी एकतीस वर्षं स्काऊट मास्तर होतो, आता निवृत्त आहे. तुमच्या सिक्सरचं वाक्य वाचून बसलो होतो बराच वेळ. जमेल तसं लिहितो, लांबलं तर चालवून घ्या.

पहिलं म्हणजे मूळ रचना ध्यानात घ्या. स्काऊटिंगमध्ये 'ग्रुप' ही कल्पना आहे. एका ग्रुपमध्ये कब पॅक, स्काऊट पथक आणि रोव्हरांचा, म्हणजे कॉलेजच्या वयाच्या पोरांचा, क्रू, तिन्ही एका छपराखाली, गळ्यात एकाच रंगाचा स्कार्फ. कब पॅकच्या वर्तुळात उभा असतो तेव्हा पन्नास पावलांवर त्याला मोठे स्काऊट तंबू ठोकताना दिसतात. त्याला रोज वाटतं, मी कधी तिकडं जाणार. कब विभाग १९१६ साली निघाला तोच मुळात त्यामुळं. थोरल्या भावांचं बघून धाकटे पाठीमागं लागायचे, त्यांच्यासाठी काहीतरी हवं होतं. म्हणजे वर जायची ओढ ही गोष्ट आधीपासून पोरांच्यात आहे, आपण ती तयार करत नाही.

आपल्या भागात काय होतं? प्राथमिक शाळा एका संस्थेची, हायस्कूल दुसऱ्या संस्थेचं. कब इकडं, स्काऊट तिकडं. मधली पन्नास पावलं दोन किलोमीटरची होतात आणि मध्ये उन्हाळ्याची सुट्टी. पोराची शाळा बदलते, बाई बदलतात, बाकावरचा जोडीदार बदलतो, आणि त्याच आठवड्यात स्काऊटही बदलतं. मोठ्या माणसाला एवढं सगळं एकदम झेपत नाही.

दुसरं, तुमच्या सिक्सरबद्दल. चौथीत तो पॅकमधला सगळ्यात थोर. जूनमध्ये तो पथकातला सगळ्यात बारकं पोरगं. दहावीतल्या मिसरूड फुटलेल्या पोरांच्या रांगेत शेवटी उभा. त्याला जे येतं ते तिथं कोणाला माहीतच नाही. माझ्याकडं येणाऱ्या कबांना रीफ नॉट, म्हणजे दोन दोर जोडायची साधी गाठ, डोळे मिटून यायची, आणि आम्ही त्यांना पहिल्या महिन्यात परत रीफ नॉटच शिकवत बसायचो. पोरगं म्हणतं, हे तर मला येतंय. आपण म्हणतो, गप बस, सगळ्यांना शिकवतोय. तिथं ते तुटतं.

मी हे फार उशिरा शिकलो. नोकरीच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी असेल. एका वर्षी नव्या पोरांतल्या एकाला मी म्हणालो, तू कबमधून आलास ना, मग ह्या चौघांना रीफ नॉट तूच शिकव. तो पोरगा पुढं राज्य पुरस्कारापर्यंत, म्हणजे स्काऊटच्या वरच्या टप्प्यापर्यंत, गेला. त्याच वर्षी दुसऱ्या संघातली, म्हणजे पथकातल्या दुसऱ्या गटातली, चार पोरं गळाली. फरक एवढाच होता.

कराडचे_मास्तर | १० फेब्रुवारी, दुपारी ४:०५

वरचं अर्धंच राहिलं. संघाबद्दल लिहायचं होतं.

स्काऊटिंग सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राऊनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं तेव्हा पोरांचे चार संघ पाडले आणि प्रत्येक संघ एका मोठ्या पोराच्या हाती दिला. पोरांनी पोरांना सांभाळायचं, मास्तरनं संघनायकाला. आपल्याकडं पस्तीस-चाळीस पोरं एका रांगेत उभी करून मास्तरच शिट्टी मारतो. मग संघ हा नुसता हजेरीपुरता राहतो. अशा ठिकाणी नव्या पोराला कोण विचारणार? मास्तरला चाळीस तोंडं लक्षात राहत नाहीत. संघनायकाला सात राहतात.

म्हणून ताई, हायस्कूलच्या मास्तरांशी बोलाच, पण त्यांच्या संघनायकांशी आधी बोला. आठवी-नववीची पोरं असतील. त्यांना फेब्रुवारी-मार्चमध्ये तुमच्या पॅकमध्ये बोलवा. एक खेळ त्यांना घ्यायला सांगा. जाताना तुमच्या नऊ जणांची नावं त्यांच्या तोंडी असली पाहिजेत.

दोरगाठ | ११ फेब्रुवारी, रात्री ११:२०

मी रोव्हर आहे, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. सरांनी लिहिलं ते माझ्याच बाबतीत घडलंय, फक्त दुसऱ्या बाजूनं.

पाचवीत मी सोडायच्या बेतात होतो. जिल्ह्याच्या मेळाव्याला गेलो होतो, तिथं आम्हा पाचवीच्या पोरांना मोठ्यांच्या पिशव्या उचलायला लावल्या आणि पाणी भरायला लावलं. त्याला ते 'शिस्त' म्हणत होते. रात्री शेकोटीला आम्हाला मागं बसवलं. घरी येऊन आईला सांगितलं, मी परत जाणार नाही.

आमचा संघनायक नववीत होता. दुसऱ्या दिवशी तो घरी आला. काही समजावलं वगैरे नाही. एक पत्र्याची पेटी घेऊन आला होता. म्हणाला, ह्यात आपल्या संघाचे सगळे दोर आहेत, ओले झालेत, वाळवून गुंडाळून ठेव, आणि आजपासून ही पेटी तुझ्याकडं. दर वेळी दोर मोजून द्यायचे आणि मोजून घ्यायचे, मलासुद्धा.

बास. मी दहावीपर्यंत गेलो ते त्या पेटीमुळं. मी गेलो नाही तर संघाला दोर मिळणार नव्हते. एकदा ताप असताना आईनं जाऊ दिलं नाही, तर धाकट्या बहिणीच्या हातानं पेटी पाठवली होती. 'दोरगाठ' हे नाव त्यावरूनच घेतलंय.

तेव्हा पाचवीच्या पोराला काम द्या. खोटं काम नको, लगेच कळतं. 'तू सगळ्यांवर लक्ष ठेव' हे काम नाही. दोरांची पेटी, प्रथमोपचाराची पिशवी, संघाचा झेंडा, संघाची वही लिहिणं, ही कामं आहेत, कारण तो नसला तर अडतं.

आणि पिशव्या उचलायला लावणं हा प्रकार जिथं चालत असेल तिथं मास्तरांनी तो त्याच दिवशी थांबवावा. त्यात शिस्त नाही. स्काऊट दुसऱ्याचा मित्र असतो हे आम्ही वचनाबरोबर शिकतो, मग सगळ्यात लहान पोराच्या बाबतीत ते का लागू नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

गोडोली_बाबा | ११ फेब्रुवारी, रात्री ११:४८

पेटीची गोष्ट वाचून मुलाला वाचून दाखवली. काही बोलला नाही, पण दोनदा वाचायला लावली.

मिरज_मोगरा | १२ फेब्रुवारी, दुपारी १:१०

मी मिरजेत गाईड कॅप्टन आहे. मुलांचे कब आणि स्काऊट, तसे मुलींचे बुलबुल आणि गाईड. बुलबुलमधून गाईडमध्ये येणाऱ्या मुलींचंही हेच आहे, वर आणखी दोन गोष्टींची भर. एक म्हणजे घरचे, 'आता मोठी झालीस, मैदानावर कशाला' असं पाचवी-सहावीपासून सुरू होतं. दुसरी म्हणजे शिबिराच्या जागी स्वच्छतागृह. हे दुसरं मी आधी बघते, बाकी सगळं नंतर. जागा बघून आल्यावर आयांची सभा घेते आणि तिथं काय सोय आहे ते जसं आहे तसं सांगते. एकदा आयांचा विश्वास बसला की मुली येतात.

पावसाच्या तासांबद्दल गोडोलीच्या दादांनी लिहिलं ते फार खरं आहे. पाऊस म्हणजे वही हे समीकरण मी मोडलं ते असं: जूनच्या पहिल्याच तासाला किमचा खेळ. ताटात २४ वस्तू ठेवायच्या, एक मिनिट बघायचं, कापड टाकायचं आणि आठवतील तेवढ्या लिहायच्या. मी वस्तू मुद्दाम आमच्या घरातल्या ठेवते: सुपारी, अडकित्ता, हळकुंड, तंबोऱ्याची खुंटी (मिरजेत ती मिळायला अडचण नाही), एसटीचं तिकीट, सेफ्टी पिन. नव्या मुली यात मोठ्यांना हरवतात, लहान मुलांची नजर ताजी असते. पहिल्याच दिवशी पाचवीतली मुलगी नववीतलीला हरवते, याचा परिणाम काय होतो ते बघायलाच पाहिजे. पुढच्या तासांना पट्टी बांधणं, झोळी, हाताची खुर्ची करून व्हरांड्यातून 'जखमी'ला नेणं. नियम आणि वचन या सगळ्याच्या मधे मधे येतं. पाठ करून घ्यावं लागत नाही.

सरांच्या एका गोष्टीला माझी जोड आहे. नव्या मुलींना एकेकटं वेगवेगळ्या संघांत टाकू नये. मी दोघी-दोघी टाकते. चौघी एकत्र ठेवल्या तर त्या आपापसातच राहतात, एकटी टाकली तर रडते. दोघींचं बरोबर जमतं. मात्र कोण कोणाबरोबर हे त्यांनाच विचारते.

आणि काम खरं असावं याबद्दल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर आला तेव्हा सांगलीचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पाणी उतरल्यावर ट्रकच्या ट्रक कपडे आले होते, ढीग लागले होते. आमच्या मुली ते निवडायला बसल्या. लहान मुलांचे वेगळे, साड्या वेगळ्या, फाटके बाजूला. दोन महिन्यांपूर्वी बुलबुलमधून आलेल्या पाचजणी होत्या त्यात. एकीनं तर स्वतःच्या मापाचे फ्रॉक अंगाला लावून वयाप्रमाणे गठ्ठे केले, कारण मोठ्या मुलींना ते जमत नव्हतं. त्या पाचही जणी पुढं गाईडमध्ये टिकल्या. पूर यावा असं कोणीच म्हणणार नाही. पण गावाला आपली गरज आहे हे त्या वयात एकदा कळलं की ते पोर सहजासहजी सोडत नाही.

टेम्सकाठची_सांगलीकर | १३ फेब्रुवारी, रात्री २:०५

मूळची विश्रामबागची, सध्या इंग्लंडमध्ये. माझा मुलगा इथं कब होता, आता स्काऊट आहे. इथले टप्पे वेगळे आहेत: कब आठ ते साडेदहा, स्काऊट साडेदहा ते चौदा. इथं पथकं सहसा शाळेशी जोडलेली नसतात, वस्तीतल्या एका हॉलमध्ये आठवड्यातून एक संध्याकाळ. त्यामुळं शाळा आणि स्काऊट एकाच वेळी बदलत नाही, हा मोठाच फरक.

पण एक गोष्ट तुम्हाला तिकडं करता येईल. इथं मूल एकदम उडी मारत नाही. काही आठवडे ते दोन्हीकडं जातं, कबच्या सभेलाही आणि स्काऊटच्याही. माझा मुलगा पहिल्या स्काऊट सभेहून आला तेव्हा म्हणाला, मला कबच बरं वाटतं. तिसऱ्या आठवड्यानंतर म्हणाला, कबमध्ये आता सगळी छोटी मुलं आहेत. त्याचं त्यालाच कळलं. या संक्रमणासाठी 'मूव्हिंग ऑन' नावाचा बिल्लाही मिळतो.

माहुली_संगम | १३ फेब्रुवारी, रात्री ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. शाहूपुरीच्या ताई, तुमचाही मुद्दा मी बाजूला टाकलेला नाही. उलट मला विचारायचं आहे, महिन्यातून दोनच तास असते तर नाव काढलं असतंत का?

शाहूपुरी_आई | १४ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

प्रामाणिकपणे सांगते, नसतं काढलं. आमची अडचण अशी होती की शिबिराचं चार दिवस आधी कळायचं आणि नाही पाठवलं की मुलाला सगळ्यांसमोर बोलणी बसायची. वर्षाच्या सुरुवातीला तारखा हातात दिल्या असत्या तर आम्ही क्लासच्या सरांशी बोललो असतो. मुलगा पुढच्या वर्षी परीक्षेतून मोकळा होईल. तेव्हा परत घेतील का त्याला?

कराडचे_मास्तर | १४ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

घ्यायलाच पाहिजे. सहावीत आलेल्या पोराला 'तू मधेच सोडलंस' म्हणणारा मास्तर मला मान्य नाही. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार, एवढी लांब वाट आहे. एक वर्ष उशिरा लागला तर काही बिघडत नाही. तुम्ही थेट जाऊन भेटा. आणि त्याला घरी दोर द्या, अभ्यासातून उठला की हाताला काहीतरी लागतं पोरांना.

तारखांचं तुम्ही बोललात ते सोन्यासारखं आहे. माझ्या वेळी मीही शेवटच्या क्षणीच सांगायचो. वरून परिपत्रक उशिरा यायचं हे खरं, पण आमच्या स्वतःच्या सहली तरी आधी ठरवता आल्या असत्या.

माहुली_संगम | २२ मार्च, रात्री ८:४०

काय काय झालं ते लिहिते.

हायस्कूलच्या स्काऊट मास्तरांना भेटले. भले गृहस्थ आहेत. गणित शिकवतात, दहावीचा वर्ग आहे, वर स्काऊट. म्हणाले, "मॅडम, मला कबमधून कोण येतंय हे आजपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं. जूनमध्ये यादी येते, त्यात नुसती नावं." मला स्वतःचाच राग आला. सहा वर्षांत मी एकदाही त्या शाळेची पायरी चढले नव्हते.

मग मी नऊ जणांचं प्रत्येकी एक पान लिहून दिलं. गुण-बिण नाही. कोणाला कोणत्या गाठी येतात, कोण पोहतो, कोणाला अंधाराची भीती वाटते, कोणाचे वडील मुंबईला असतात, कोण हिशेबाला पक्का आहे, कोण गप्प राहिला तर समजायचं की काहीतरी बिनसलंय. सरांनी ती पानं संघनायकांना दाखवायची का असं विचारलं. अंधाराचं आणि घरचं सोडून बाकीचं दाखवा म्हटलं.

गेल्या दोन शनिवारी त्यांचे चार संघनायक आमच्याकडं आले. पहिल्यांदा लाजत होते, नववीची पोरं चौथीच्या पोरांत. मग एकानं काठ्या आणि दोर घेऊन पाच मिनिटांत तिकाटणं उभं केलं आणि त्यावर घागर टांगली. माझी पोरं तोंड उघडं टाकून बघत होती. घरी जाताना एक जण मला म्हणाला, "अकेला, मला ते दोराचं शिकायचंय." पॅकमध्ये मला अकेला म्हणतात, मोगलीच्या गोष्टीतल्या लांडग्यांच्या म्होरक्याचं नाव.

आज दुपारी आमचे नऊ जण संघनायकांबरोबर अजिंक्यताऱ्यावर जाऊन आले. सोबत मी, ते सर आणि दोन पालक. मंगळाईच्या देवळाच्या सावलीत बसून डबे खाल्ले. वरून सगळं सातारा दिसतं, पोरांनी आपापली जुनी शाळा आणि नवी शाळा शोधून काढली. मग संघनायकांनी काठी हातभर लांब धरून तिथल्या टॉवरची उंची कशी अंदाजायची ते शिकवलं. कोणाचं उत्तर बरोबर आलं हे कोणालाच माहीत नाही, पण वाद जोरात झाला.

दोरगाठ | २२ मार्च, रात्री ९:०२

ताई, जूनमध्ये निरोपाचा कार्यक्रम करणार का? आमच्या वेळी झाला नव्हता. मला कायम वाटत आलं की मी कबमधून कधी निघालोच नाही, नुसता यायचा थांबलो.

माहुली_संगम | २९ जून, रात्री १०:१०

झाला. काल, हायस्कूलच्या सभागृहात, कारण पाऊस. एका बाजूला माझा पॅक वर्तुळात, दुसऱ्या बाजूला पथक नालेच्या आकारात. प्रत्येक कबनं शेवटचं वचन म्हटलं, पॅकमधल्या प्रत्येकाशी डाव्या हातानं हस्तांदोलन केलं, मग मी त्याचा हात धरून मधल्या खडूच्या रेघेपर्यंत नेलं. पलीकडं त्याचा संघनायक उभा होता. त्यानं नाव घेऊन हाक मारली आणि आपल्या संघात नेऊन उभं केलं. दोघे-दोघे एका संघात, मिरजेच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणं जोड्या पोरांनीच ठरवल्या. नऊ असल्यामुळं एका संघात तिघं.

गेल्या वर्षीचा माझा सिक्सर बघायला आला होता. मी बोलावलं होतं. मागं भिंतीला टेकून उभा होता. कार्यक्रम संपल्यावर त्या गणिताच्या सरांनी त्याला बोलावून प्रथमोपचाराची पिशवी दाखवली आणि म्हणाले, ह्यातलं काय काय संपलंय ते मला लिहून देशील का? तो खाली बसला आणि एकेक वस्तू बाहेर काढून यादी करायला लागला. मी सरांना हा धागा वाचायला दिला होता.

जुन्या गणवेशांची एक पेटीही सुरू केलीय. कबचा गणवेश जातो, स्काऊटचा नवा घ्यावा लागतो, तीन घरांना तो खर्च जड होता. दहावी झालेल्या पोरांच्या घरून सहा जोड आले. आईंनी बटणं लावून, इस्त्री करून दिले.

शाहूपुरी_आई | ३० जून, सकाळी ७:००

आमच्याकडं एक जोड आहे, जवळजवळ नवा. पण देत नाही, आमचाच घालणार आहे. सहावीत गेलाय, काल सरांना भेटून आलो. वर्षाच्या तारखांचा कागद मिळाला, फ्रिजवर लावलाय.

कराडचे_मास्तर | ३० जून, सकाळी १०:२०

ताई, आता एक सावधगिरी. आपण मोठी माणसं जून-जुलैमध्ये फार उत्साहात असतो आणि गणपतीच्या सुमारास विसरतो. नव्या पोराला ऑगस्टमध्ये परत एकदा विचारा. मास्तरनं नको, संघनायकानं. 'कसं चाललंय' असं विचारलं तर 'बरं' म्हणतात. 'पुढच्या वेळी काय करूया' असं विचारायला सांगा. मग बोलतात. आणि ते जे सांगतील त्यातलं एक तरी कोर्ट ऑफ ऑनरमध्ये, म्हणजे संघनायकांच्या बैठकीत, मांडून करून दाखवा.

मिरज_मोगरा | ३० जून, दुपारी १२:४५

आणि चूल लवकर द्या त्यांना. कबमध्ये चूल पेटवायला मिळत नाही, स्काऊटमध्ये मिळते, हे पोरांना माहीत असतं आणि त्यासाठी ती आलेली असतात. दोन वर्षं थांबवू नका. मोठ्यांच्या देखरेखीखाली, पाण्याची बादली शेजारी ठेवून, बिनभांड्याचा स्वयंपाक. निखाऱ्यात बटाटे, कांदे, आणि काठीला कणीक गुंडाळून भाजायची. पहिल्या वेळी बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं. खाऊ द्या तसंच.

माहुली_संगम | १४ नोव्हेंबर, रात्री ९:३०

दिवाळी झाली. नऊपैकी आठ आहेत. एकानं कबड्डी धरली, तालमीत जातो आणि खूश आहे. त्याला मी काही म्हटलं नाही. संघनायकानं त्याला सांगून ठेवलंय की शेकोटीला ये.

सप्टेंबरमध्ये दोघांचं बिनसलं होतं. एकाला संघाची वही लिहायला दिली होती आणि त्याचं अक्षर वाईट म्हणून मोठी पोरं हसली. संघनायकाच्या लक्षात आलं, त्यानं सरांना न विचारता काम बदललं, झेंडा दिला. दुसऱ्याचं कारण मला अजून नीट कळलेलं नाही. तो यायचा, पण बोलायचा नाही. मी लिहिलेल्या पानावर ते होतंच, म्हणून सर त्याच्या घरी जाऊन आले. वडिलांची बदली होणार असं घरात चाललं होतं. बदली थांबली की नाही माहीत नाही, पण पोरगा परत बोलायला लागलाय.

पुढं काय करूया असं ऑगस्टमध्ये विचारलं तेव्हा आठही जणांनी एकच सांगितलं होतं, चूल. पावसानं आणि सहामाहीनं राहिलं. उद्या जमलंय. सकाळी साडेसहाला पोवई नाक्यावर गोळा व्हायचं, तिथून चालत जायचं, जागा मालकांना विचारून ठेवलीय, आडाचं पाणी जवळ आहे. शाहूपुरीच्या ताई कणीक मळून देणार आहेत. गेल्या वर्षीचा सिक्सर प्रथमोपचाराची पिशवी घेऊन येतोय, भाजल्यावर लावायचं मलम संपलं होतं ते त्यानं काल स्वतः आणून भरलं. प्रत्येकाला दोन बटाटे आणायला सांगितलेत, आणि संघामागं दोन जादा.

गोडोली_बाबा | १४ नोव्हेंबर, रात्री ९:५५

ताई, आमचा मुलगा विचारतोय, तो आला तर चालेल का? बटाटे घेऊन येईल.

माहुली_संगम | १४ नोव्हेंबर, रात्री ९:५८

साडेसहाला. पायात बूट, आणि पाण्याची बाटली.